मॉनिटर घेताय? आधी खिशात एक कातरण ठेवा!

हॉस्टेलवर मला खऱ्या नावाने हाक मारणारे फार थोडे. बाकी सगळे "ए रंगारी!" म्हणतात. कारण साधं आहे. माझं गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. पहिल्या वर्षाच्या इंट्रोत गावाचं नाव पूर्ण सांगितलं आणि तिथेच फसलो. पण गेल्या मे महिन्यात या रंगाऱ्याने रंगाचा असा काही बट्ट्याबोळ केला, की आता ती हाक ऐकली तरी कानशिलं गरम होतात.

झालं असं, की मावसबहिणीचं लग्न ठरलं. "बाहेरचा फोटोग्राफर कशाला? आपला पोरगा इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या फोटो क्लबात आहे," असं मावशीने परस्पर जाहीर करून टाकलं. मीही फुगलो. क्लबचा कॅमेरा रीतसर रजिस्टरवर सही करून नेला, दोन दिवसांत अकराशे फोटो काढले आणि हॉस्टेलवर परत येऊन माझ्या लॅपटॉपवर रात्री जागून एडिट केले. स्क्रीनवर काय दिसत होते म्हणून सांगू! रूम पार्टनर तर म्हणाला, "तू शिक्षण सोड, स्टुडिओ टाक."

अल्बम छापून आला आणि मावशीने पहिलं पान उघडलं. हळदीची हळद नारिंगी झालेली. मांडवातले चेहरे तांबूस आणि काळवंडलेले. आणि पैठणी! वांगी रंगाची पैठणी होती ती. मक्याचे पैसे आल्यावर मावशी स्वतः येवल्याला जाऊन, चार दुकानं पालथी घालून घेऊन आली होती. अल्बममध्ये ती चक्क चॉकलेटी दिसत होती. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "ही आपली पैठणी नाहीच बाई." आणि अल्बम मिटून कपाटात ठेवला.

मी तावातावाने लॅबवाल्याकडे गेलो. त्याने शांतपणे माझीच फाइल त्याच्या स्क्रीनवर उघडून दाखवली. तिथेही चॉकलेटीच! "फाइल जशी, तसा प्रिंट," एवढंच तो बोलला. त्याचं काही चुकलं नव्हतं. अल्बम परत छापायचे पैसे माझ्या खिशातून गेले. दोन महिने संध्याकाळच्या नाश्त्याला मी का दिसत नव्हतो, हे ज्यांना कोडं पडलं होतं त्यांना आता उत्तर मिळालं असेल.

मग मी एक उद्योग केला. मावशीकडून त्या पैठणीच्या ब्लाउजपीसचं शिंप्याकडे उरलेलं बोटभर कातरण मागून आणलं. रविवारी सकाळी दहा वाजता, खिडकीच्या चांगल्या उजेडात, कॉटवर पाच लॅपटॉप ओळीने मांडले, सगळ्यांवर तोच एडिट न केलेला फोटो उघडला आणि मध्ये कातरण धरलं. मित्रांनो, पाच लॅपटॉपवर पाच साड्या! एकावर निळसर, एकावर मळकट, एकावर राखाडी. माझ्यावर तर उजाड जांभळी. सहावा मोबाइल. त्याच्यावर ती अशी चमकत होती, जशी दुकानाच्या काचेतही कधी चमकली नसेल. कातरणाच्या जवळपास जाणारा एकही नाही म्हटलं तरी चालेल.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. माझ्या स्क्रीनचा पांढरा मुळात निळसर. तो मला खटकला म्हणून मी प्रत्येक फोटोत पिवळा-तांबडा वाढवला. जांभळ्यावर तो चढला की चॉकलेटी होणारच. स्क्रीनला रंग कमी दिसतात म्हणून मी सॅच्युरेशन ओढलं. हळद नारिंगी झाली. आणि ब्राइटनेस कायम शंभरावर असल्याने फोटो फारच उजळ वाटले, म्हणून ते अंधारे केले. म्हणजे मी फोटो दुरुस्त करतच नव्हतो. माझ्या लॅपटॉपचे दोष उलटे करून मावशीच्या अल्बममध्ये छापत होतो!

लॅपटॉप घेताना आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, ग्राफिक कार्डावरून भांडतो. स्क्रीनच्या ओळीत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं, ते कोण वाचतो? एनटीएससी हे अमेरिकन रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. आपले फोटो, वेबपेज, लॅबचे प्रिंट हे सगळं चालतं एसआरजीबी या मापावर, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्के रंग. उरलेले त्या स्क्रीनवर उमटतच नाहीत. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर जवळपास पूर्ण एसआरजीबी मिळतं. एवढी एक ओळ वाचली असती तर माझे दोन महिन्यांचे वडापाव वाचले असते.

आमच्या विभागातले एक सर सांगतात, की त्यांच्या वेळचे ते ढोबळे, टेबल दाबून टाकणारे सीआरटी मॉनिटर रंगाला चांगले होते. मग पातळ टीएफटी आले, सगळे हरखले, आणि मान जरा हलवली की फोटो काळा-पांढरा व्हायला लागला. तो टीएन जातीचा पॅनल. स्वस्त आणि वेगवान, पण वरून बघाल तर एक रंग, खालून बघाल तर दुसरा. हिताचीने १९९६ च्या सुमारास आणलेला आयपीएस पॅनल याच दुखण्यावरचा उपाय. तेव्हा तो सामान्यांच्या खिशाबाहेर होता. आज साध्या चोवीस इंची मॉनिटरमध्येही मिळतो, त्यामुळे फोटोसाठी टीएन घ्यायला काहीच निमित्त उरलेलं नाही.

विषय रंगाचा निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याचं सांगतो. रॉबर्ट गिल या मद्रास सैन्यातल्या अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून येत राहिले. त्यांच्याही काही नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले. सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे धरून ठेवायला त्यांनी लाखेचा लेप दिला. पापुद्रे टिकले, पण लेप काळाबरोबर पिवळा-तपकिरी पडत गेला. म्हणजे पुढे कित्येक वर्षं लोकांनी जो अजिंठा पाहिला, तो बराचसा लाखेच्या चष्म्यातून! माझ्या लॅपटॉपचा निळसर चष्मा आणि हा चष्मा, जात एकच.

आज नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार त्याच चित्रांचे फोटो घेऊन संगणकावर त्यांचं हरवलेलं रूप परत उभं करण्याचं काम करतात. तिथला रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि तो प्रसिद्ध लाजवर्दी निळा. भडक काहीच नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चेहऱ्यावर गेरूच्या किती छटा आहेत ते प्रत्यक्ष जाऊन बघा. अशा मातकट रंगातच स्क्रीनची खरी परीक्षा होते. ६ बिटच्या पॅनलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त ६४ पायऱ्या, म्हणजे सगळे मिळून २,६२,१४४ रंग. बाकीचे तो भराभर लुकलुकून भासवतो. ८ बिटला २५६ पायऱ्या, म्हणजे १,६७,७७,२१६. जिथे गालावर सावली हळूच उतरायला हवी तिथे स्वस्त पॅनल पट्टे पाडू शकतो, आणि मग आपण नसलेला दोष घासत बसतो.

आता आपल्या क्लबचं महाभारत. मॉनिटरसाठी पंचवीस हजार मंजूर झाले आहेत आणि बहुमत झुकलंय सत्तावीस इंची, वक्र, १६५ हर्ट्झच्या गेमिंग मॉनिटरकडे. माझा त्याला जाहीर विरोध आहे. अरे बाबांनो, फोटो हलत नाही! त्याला १६५ हर्ट्झ कशाला? साठ पुरे. वक्र पडद्यावर इमारतीची कड सरळ आहे की वाकडी हे ठरवायचं कसं? आणि त्या सत्तावीस इंचात रिझोल्यूशन आहे तेच १९२० बाय १०८०. म्हणजे इंचाला सुमारे ८२ ठिपके. चोवीस इंचात तेच ९२ पडतात. मोठं घेऊन बारकावे घालवायचे याला काय म्हणावं? सत्तावीसच हवा असेल तर २५६० बाय १४४० चा बघा. रात्री अकरानंतर क्लबरूममध्ये नेमकं कोणतं एडिटिंग चालतं, हे मी रेक्टर सरांना सांगणार नाही. पण मुद्दा सगळ्यांना समजला असेल.

माझं म्हणणं: साधा, सपाट, चोवीस इंची आयपीएस, ८ बिट, एसआरजीबी ९९-१०० टक्के घ्यावा आणि उरलेल्या पैशांत कॅलिब्रेटर. अ‍ॅडोबी आरजीबी दाखवणाऱ्या महागड्या मॉनिटरच्या मागे लागू नये. आपली लॅब एसआरजीबी जेपीजीच मागते, आणि असा मॉनिटर नीट बसवला नाही तर सगळंच भडक दिसतं.

कॅलिब्रेटरवरच जास्त आरडाओरडा झाला. "महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूला एवढे पैसे?" हा मुद्दा खोटा नाही. पण कॅलिब्रेटर मॉनिटरसारखा टेबलाला चिकटलेला नसतो. तो स्क्रीनवर टेकवायचा, तो पडद्याचे रंग मोजतो आणि संगणकासाठी दुरुस्तीची प्रोफाइल बनते. एक यंत्र, अख्ख्या हॉस्टेलचे लॅपटॉप! त्यासाठी आर्गिल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाचं आडनावही गिलच, ग्रेम गिल. अजिंठ्याच्या गिलसाहेबांनंतर रंगाच्या मागे लागलेला हा दुसरा. अर्थात यंत्र म्हणजे जादू नव्हे. जे रंग पॅनलमध्येच नाहीत ते प्रोफाइल कुठून आणणार? माझा लॅपटॉप मोजला तरी वांगी रंग दाखवणार नाही तो नाहीच.

आणि खोलीचं काय? क्लबरूमच्या भिंती दिवाळीत पोपटी रंगवल्या. छान दिसतात, पण तो पोपटी उजेड पडद्यावर आणि आपल्या डोळ्यात उतरतो. निदान मॉनिटरमागची एक भिंत फिकट राखाडी करून द्यावी अशी वसतिगृह समितीला नम्र विनंती. पाठीमागची खिडकी पडद्यावर चमकते, तिला जाड पडदा हवा. नाइट मोड बंद. 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक' वगैरे सगळे मोड बंद. मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यावा, मग रंगाला हात लावावा. ब्राइटनेस खाली आणावा; प्रिंटसाठी ८० ते १२० कँडेला पुष्कळ झाले, आणि नवा मॉनिटर डब्यातून येतो तोच बहुधा २५० च्या पुढचा. पहिले दोन दिवस अंधारलेला वाटेल, मग सवय होते. यातल्या बऱ्याच गोष्टींना एक पैसाही लागत नाही, म्हणूनच बहुतेक त्या कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाच मॉनिटर सुधारू शकत नाही. "जरा गोरं करून दे ना!" हे वाक्य लग्नात मला किमान वीस जणांनी ऐकवलं. खरा रंग दाखवणाऱ्या पडद्यावर खोटा रंग ओतायचा असेल तर पंचवीस हजार कशाला घालवता? मी दुसऱ्या वेळी कोणालाही गोरं केलं नाही. विभागातल्या लॅबमधल्या आयपीएस मॉनिटरवर, सरांच्या परवानगीने, रोज सकाळी दोन तास बसलो. कातरण पडद्याच्या कडेला चिकटवलेलं होतं. चाळीस पानं करायला तीन आठवडे लागले.

दुसरा अल्बम गणपतीत घरी गेल्यावर मावशीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, अंगणात उजेडात नेला, आतून पैठणी आणून पानावर टेकवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हां, ही आपली." पुढची पानं उलटता उलटता मामाच्या फोटोवर थांबली.

"पण हा अजून काळाच दिसतोय की रे!"

"मावशी," म्हटलं, "मामा तसेच आहेत."

मामा शेजारीच चहा पीत बसले होते.