बरा केला, आता ठेवणार कुठे?

ऑगस्ट २०२३मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर समुद्राने चरस आणून टाकले. कर्दे, लाडघर, मुरुड, केळशी, कोळथरे, बुरोंडी असे करत वाळूत पाकिटांमागून पाकिटे सापडत गेली आणि वजन अडीचशे किलोंच्या घरात गेले. मग सरकार खडबडून जागे झाले. कस्टमवाले आले, पोलीस आले, किनारा पिंजून काढला गेला, पंचनामे झाले, माल सीलबंद होऊन पहाऱ्यात गेला. झाले ते योग्यच झाले. पण आम्ही एक विचारतो. याच किनाऱ्यावरचा एखादा पोरगा नशेत बुडाला, आईने दागिने मोडून त्याला केंद्रात ठेवले आणि तो उपचार पुरे करून शुद्धीत बाहेर पडला, तर त्याला ठेवायला सरकारजवळ कोणती जागा आहे? पत्ता सांगा! चरसाला कोठार आहे, कुलूप आहे, नोंदवही आहे. चरस सोडलेल्या माणसासाठी एक खोली दाखवा! जप्त मालाची एवढी बडदास्त आणि सुटलेल्या माणसाची ही परवड, याला राज्यकारभार म्हणायचे असेल तर अनागोंदी कशाला म्हणायचे?

केंद्रातून सुटणे म्हणजे व्यसनातून सुटणे नव्हे, हे या क्षेत्रात एक दिवस काम केलेला माणूसही सांगेल. पुण्याच्या मुक्तांगणात उपचार ३५ दिवसांचे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. हा आजार कायमचा बरा होत नाही, तो एकेका दिवसाच्या हिशेबाने आटोक्यात ठेवावा लागतो, हे तिथे शिकवले जाते. म्हणून फॉलोअप, म्हणून रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी गट. संस्था आपले काम करते. पण छत्तिसाव्या दिवशी तो एसटीतून दापोलीला उतरतो तेव्हा त्याची वाट कोण पाहत असते? तेच मित्र, तीच उधारी, तोच बार. घरी भाऊ पाकीट उशाखाली घेऊन झोपतो. तांडेल होडीवर घेत नाही. लग्नघरात त्याच्या हाती कोणी आहेराचे पाकीटही देत नाही. मग एका संध्याकाळी पहिली स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा नशा करतो, आणि सारा गाव विजयी मुद्रेने म्हणतो, ‘आम्ही म्हटलंच होतं!’ अहो, म्हटले होते, पण केले काय होते?

गर्द सोडलेल्याची गत याहून भयंकर. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचणारी मात्रा आता प्राण घेते. म्हणजे केंद्राबाहेरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला वाऱ्यावर सोडतो. मुळात उपचारांपर्यंत पोहोचतात तरी किती? केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या २०१९च्या सर्वेक्षणात स्वच्छ लिहिले आहे की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. त्या एकशे ऐंशीतल्या एकालाही जे राज्य सांभाळू शकत नाही, त्याने नशामुक्तीच्या शपथा कोणत्या तोंडाने द्याव्यात?

उपाय ठाऊक नाही, ही सबब चालणार नाही. अमेरिकेत १९७५ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी एक हाफवे होम, म्हणजे उपचारांनंतर राहायचे मधले घर, बंद पडायला आले. तिथल्या रहिवाशांनी रडत न बसता ते घरच भाड्याने घेतले. ऑक्सफर्ड हाउस म्हणतात ते हेच. नियम तीन: घराचा कारभार सर्वांच्या मताने, भाडे प्रत्येकाने आपल्या कमाईतून द्यायचे, आणि कोणी नशा केली तर त्याने तत्काळ घर सोडायचे. पहारेकरी नाही, मालक नाही, कुलूप नाही. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे उभी आहेत. इलिनॉयमध्ये उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना अशा घरांत जागा दिली, निम्म्यांना नेहमीप्रमाणे घरी धाडले. दोन वर्षांनी पाहिले तर घरी गेलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के पुन्हा नशेत होते, या घरांत राहिलेल्यांपैकी ३१ टक्के. औषध तेच, केंद्रे तशीच, माणसेही तशीच. फरक पडला तो राहण्याच्या जागेने! हा अभ्यास २००६ साली छापून आला. आमच्या मंत्रालयात तो अजून कोणी उघडला नसेल, तर त्यांनी दोन दशके वाचले तरी काय?

आणि कायदा? कायदा तर आमच्याकडे अमेरिकेहून चांगला आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांतून येणारे मानसिक विकार त्याच्या व्याख्येत आहेत. कलम १८ आणि १९ वाचा: हाफवे होम, आधाराचे निवास, एकत्र राहण्याची घरे सरकारने द्यावीत किंवा उभारायला मदत करावी, आणि तीही वाजवी मुदतीत. वाजवी मुदत म्हणजे किती? एक पिढी? जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे कान उपटले ते कशासाठी? मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवल्याबद्दल! बरा झालेला माणूस म्हणजे भिकारी, अशी ज्या खात्याची समजूत, ते व्यसनातून उठलेल्याला माणूस कधी समजणार? रत्नागिरीत इंग्रजांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे. त्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्याने पुढच्या सहा महिन्यांसाठी जिल्ह्यात कोणते दार ठोठावायचे, हे पालकमंत्र्यांनी एका ओळीत सांगावे. आम्ही ती ओळ फुकट छापू.

पैसा नाही म्हणता? १० जून २०२५ रोजी याच राज्याच्या मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले आणि वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचे जादा उत्पन्न मिळेल असे सांगितले. हे केवळ जादा उत्पन्न. मूळ गल्ला निराळाच! या जादा रकमेचा शंभरावा हिस्सा १४० कोटी होतो. छत्तीस जिल्ह्यांत वाटला तर जिल्ह्यामागे जवळजवळ चार कोटी. म्हणजे दापोलीच्या बारमधल्या प्रत्येक बाटलीवर कर घेणारा हात त्या कराच्या रुपयातला एक पैसा सोडायला तयार झाला, तर रत्नागिरी जिल्ह्यात एक नव्हे, कितीतरी घरे चालतील. १९०८ साली पुण्यात लोकमान्यांनी दारूविरुद्ध चळवळ उभी केली, स्वयंसेवक गुत्त्यांसमोर उभे राहिले, तेव्हा परक्या सरकारने त्यांच्यावर खटले भरले. ते सरकार गेले, झेंडा बदलला. महसुलाची हाव मात्र वारसाहक्काने चालत आली!

सरकारने मोकळ्या सोडलेल्या या जागेत कोण घुसले, तेही पाहा. शहराबाहेर एक बंगला भाड्याने घ्यायचा, खिडक्यांना जाळ्या ठोकायच्या, दारावर कुठल्यातरी देवाचे वा संताचे नाव रंगवायचे आणि रात्री गाडी पाठवून माणूस ‘उचलून’ आणायचा, की झाले पुनर्वसन केंद्र! मारहाणीला तिथे शिस्त म्हणतात, फुकट राबवून घेण्याला सेवा म्हणतात आणि बापाने भेट मागितली तर ‘ट्रीटमेंट बिघडेल’ म्हणतात. २०१७चा तोच कायदा या साऱ्याला स्पष्ट नाही म्हणतो. साखळदंड नको, सक्तीने डोके भादरणे नको, बळजबरीचे काम नको, आणि नोंदणीशिवाय केंद्र तर नकोच. पण नोंदणी न करता पकडला गेला तर पहिल्या वेळी दंड किती? पाच हजार ते पन्नास हजार रुपये! हा दंड म्हणायचा की परवाना?

परदेशाचे तेवढे चांगले आणि आपले सारे वाईट, असेही कोणी समजू नये. पैशाचा वास आला की घरे कशी सडतात हे अमेरिकेच्याच ॲरिझोना राज्यात दिसले. तिथे मूळनिवासी जमातींच्या माणसांना छप्पर आणि जेवणाचे आमिष दाखवून ‘सोबर होम’मध्ये नेले, न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी विम्यावर चढवली, कित्येकांना नशेतच ठेवले. मे २०२३मध्ये सरकारने पैसे अडवल्यावर ही घरे पटापट बंद झाली आणि त्यांतल्या नावाहो जमातीच्या कुटुंबांची माणसे फिनिक्सच्या रस्त्यांवर आली. तपासणीशिवाय अनुदान दिले तर महाराष्ट्रात याहून वेगळे काही होणार नाही, हे अनुदान वाटणाऱ्यांनी आताच ध्यानात घ्यावे.

म्हणून आईबापांनो, घाबरून पहिल्या फोनवर माणूस कोणाच्या हवाली करू नका. आधी नोंदणीचे प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा. दार आतून उघडते का, पाहा. रुग्णाला फोन करता येतो का, तुम्हाला आधी न कळवता भेटायला जाता येते का, विचारा. नियम लेखी मागा आणि स्लिप झाली तर काय करणार हे त्यात लिहिले आहे का ते वाचा. ‘चोप देतो’ म्हणणाऱ्याकडून त्याच पावली परत फिरा, आणि ‘काही हरकत नाही’ म्हणणाऱ्याकडूनही. स्लिप झालेल्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचवण्याची सोय ज्याच्याकडे आहे, तोच ऐकण्याजोगा. औषधे कोण देतो, तो डॉक्टर कधी येतो, प्रत्येक रुपयाची पावती मिळते का, रहिवासी बाहेर कामाला जातो का, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग जवळ आहे का, हे सारे विचारा. आणि शेवटी तिथे सहा महिने काढलेल्या एखाद्याशी मालक समोर नसताना बोला. खात्रीने बरा करतो असे छातीठोक सांगणारा खात्रीने खोटे बोलतो आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता गावाकडे वळू, कारण सगळे खापर मुंबईच्या माथी फोडून गाव मोकळा होत नाही. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव म्हणून आज अभिमानाने सांगितले जाते. त्याच कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. आईने घरात घेतले तर तिच्या घरावरही बहिष्कार, इथवर मजल गेली. कर्व्यांनी भाषणे देऊन सूड उगवला नाही. समाजाने टाकलेल्या बाईला आधी राहायला जागा लागते, शिक्षण आणि मान त्यामागून येतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला, म्हणून १९००मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. पुढे देशाने त्यांना भारतरत्न दिले. व्यसनातून उठलेला माणूस हा आजचा वाळीत टाकलेला आहे, आणि नशा करणारी बाई तर दुहेरी. पुरुष प्यायला तर घर बोंबलते. बाई प्यायली तर घर तिला दडवते. मुक्तांगणने स्त्रियांसाठी निशिगंध काढले. कोकणातल्या किती सासरांनी आपली सून तिथवर पोहोचू दिली?

‘गावात असले घर नको, पर्यटक काय म्हणतील?’ असे जे म्हणतील त्यांना आम्ही सुनावतो: शनिवार-रविवारी बाटल्या घेऊन येणाऱ्याला समुद्राकडेची खोली, आणि बाटली सोडून आलेल्या आपल्याच पोराला गावाबाहेरचा रस्ता, हा कुठला न्याय? कर्व्यांनीच गावाच्या भल्यासाठी ‘मुरुड फंड’ उभारला होता. मुंबई-पुण्यात कमावणाऱ्या दापोलीकरांनी आज पुन्हा तसा फंड काढला आणि चारपाच जणांपुरते एक घर भाड्याने घेतले, तर त्याला सरकारी फायलीची वाट पाहावी लागणार नाही. सरकारची मात्र त्यामुळे सुटका नाही.

आमची मागणी ही: प्रत्येक जिल्ह्यात पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक मधले घर, ज्याला परवडत नाही त्याचे सहा महिन्यांचे भाडे मद्याच्या महसुलातून, नोंदलेल्या केंद्रांची यादी प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर, अचानक तपासणी, आणि तिचा अहवाल जाहीर, बेकायदा कोंडवाड्यांना दंडाचे चुचकारणे बंद करून थेट टाळे. यातले एकही काम अशक्य नाही, बहुतेक कामांना नवा कायदा लागत नाही. लागते ती फक्त लाज. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेऱ्या निघतात, शाळेच्या पोरांना उभे करून शपथा देवविल्या जातात, मंत्री हार घालून घेतात. या घरांच्या उद्घाटनाची तारीख ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी पुढच्या २६ जूनला त्या व्यासपीठाची पायरी चढू नये. आणि चढलेच, तर लोकांनी त्यांना शपथ नव्हे, तारीख विचारावी!