बॅटरी दुबळी की सांधा सैल?

चरोदा हे भिलाईलगतचे रेल्वेचे गाव होय. मालगाड्या जुळविण्याचे तेथील यार्ड प्रसिद्ध आहे. रुळांवरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, तर या परिसरात प्रवासी वाहून नेणारी ई-रिक्षा बहुधा अवघ्या ४८ व्होल्टवर धावते. दाब थोडा म्हणून धोका थोडा आणि काळजीही थोडी, असा समज सर्वत्र आढळतो. धोक्यापुरता तो बराचसा खरा आहे. काळजीपुरता मात्र तो अगदी उलटा आहे.

शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. १,००० वॅट शक्तीसाठी २५,००० व्होल्टच्या तारेत अँपियरचा पंचविसावा भाग पुरतो. ४८ व्होल्टला सुमारे २१ अँपियर लागतात. चढावर किंवा गाडी सुटताना हा आकडा ६० पर्यंतही जाऊ शकतो. शिवाय वाटेतील रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅटरीतील आम्लाच्या वाफेने गंजलेल्या एखाद्या सांध्याचा रोध ओहमचा पन्नासावा भाग धरला, तर ६० अँपियरला तेथे १.२ व्होल्ट दाब वाया जातो आणि ७२ वॅट उष्णता बोटभर जागेत साठते. प्लास्टिक वितळले तर नवल ते काय! असे तीन सांधे असले की साडेतीन व्होल्ट गेले.

चालकाला दिसते ते एवढेच, की गाडी चढावर दमते. दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की नियंत्रक मोटारीचा पुरवठा तोडतो. मग दोष बॅटरीवर येतो आणि रोजच्या कमाईवर जगणारा माणूस कर्ज काढून चार नव्या बॅटऱ्या आणतो. सांधा तसाच राहतो. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच ते अधिक बोचते.

बटणाची कथाही अशीच आहे. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे बटण उघडताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगीची प्रज्योत होते, ती रेंगाळते व संपर्कबिंदू जाळते. जळलेल्या बिंदूचा रोध वाढतो, त्याने तो अधिक तापतो आणि अधिक जळतो. घरगुती बटणावर २५० व्होल्ट लिहिलेले पाहून ते ४८ व्होल्टच्या गाडीत निर्धास्तपणे बसविणे ही म्हणूनच चूक होय. बटणावर एकदिश प्रवाहाची मर्यादा छापलेली नसेल, तर ते घेऊच नये. जळलेले बिंदू काचकागदाने घासण्याची रीतही वाईट, कारण त्यावरचा चांदीचा पातळ थर तेवढ्यात निघून जातो.

२०१५ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ई-रिक्षेची व्याख्या केली व तिच्या शक्तीला ४,००० वॅटची मर्यादा घातली. तिची निगा मात्र कारागिराच्या हाती आहे, आणि त्याच्या हाती पाना असतो, तसाच व्होल्टमापकही असावयास हवा. गाडी भार ओढत असताना बटणाच्या दोन टोकांना मापक लावावा. काटा एक दशांश व्होल्टच्या आसपास राहिला तर बटण ठीक. एक व्होल्टकडे झुकला तर बॅटरीच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी बटण बदलावे. चालकानेही प्रथम वेग देणारी मूठ सोडावी, प्रवाह ओसरू द्यावा, आणि मगच किल्ली फिरवावी. याला पैसा लागत नाही.