तार घट्ट आवळली की दात लवकर सरकतो का?

२४ डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन. कोलकात्याचे डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा हा जन्मदिवस. १९२० मध्ये त्यांनी या शहरात भारतातले पहिले डेंटल कॉलेज सुरू केले आणि त्याच्या खर्चासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान काढले! त्यांचेच नाव असलेल्या या सरकारी कॉलेजात आज वेडेवाकडे दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. पण कॉलेज असो की आपल्या गल्लीतला दवाखाना, तारा लावलेल्या मुलांच्या आईबाबांची विनंती एकच असते : "डॉक्टर, जरा घट्ट आवळा ना, म्हणजे लवकर होईल."

खरंच तसे होते का? त्यासाठी आधी घर्षण समजून घेऊ.

दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकोनी तुकड्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या खाचेतून तार जाते. नेहमीच्या एका प्रकारात खाच सुमारे ०.५६ मिलिमीटर उंच, तर तार ०.४८ मिलिमीटर जाड असते. मधली फट जेमतेम केसाएवढी! दाढ काढून मोकळ्या झालेल्या जागेत सुळा मागे न्यायचा, तर त्याला या तारेवरून घसरत जावे लागते.

पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण आठवा. तिरका ओढला की तो अडतो. जोर लावला तर आणखी अडकतो. दाताचेही तसेच. ओढल्यावर तो आधी थोडा कलतो आणि खाचेच्या कडा तारेत रुततात. मग तार हळूहळू त्याला सरळ करते आणि तो पुन्हा थोडा पुढे जातो. लावलेल्या जोराचा बराच भाग या अडथळ्यातच खर्च होतो.

मग जोर वाढवला तर? सुळा मागे जाण्याऐवजी मागच्या दाढाच पुढे सरकू शकतात आणि मोकळी जागा वाया जाते. शिवाय जास्त दाबाने दाताचे मूळ झिजण्याचा धोका वाढतो. दाताभोवतीचे हाड एका बाजूला विरघळून दुसऱ्या बाजूला नवे तयार व्हावे लागते, आणि ते आपल्या गतीनेच होते. म्हणून महिन्याला साधारण १ मिलिमीटर ही चांगली प्रगती समजतात.

ब्रॅकेट आणि तारेच्या प्रकारानेही फरक पडतो. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटमध्ये स्टीलपेक्षा घर्षण सहसा जास्त असते. रबराच्या रिंगऐवजी स्वतःच्या झाकणाने तार धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये प्रयोगशाळेत घर्षण कमी दिसते. पण त्यामुळे एकूण उपचार बराच लवकर संपतो, असे रुग्णांवरील अभ्यासांत सहसा दिसलेले नाही. तेव्हा "महागडे म्हणजे झटपट" असे समजू नका.

आपल्या हातात काय आहे?

• तारेवर साचलेला थर घर्षण वाढवतो. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करा. तारेखालून छोटा ब्रश फिरवा. नोलेन गुडाचा संदेश खाल्ला तर लगेच चूळ भरा.

• झालमुडीतले दाणे, भाजलेले चणे, चिक्की, ऊस आणि बर्फ दातांनी फोडू नका. तार वाकली की घसरणे थांबते.

• ब्रॅकेट सुटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा.

• तारीख चुकवू नका. रबर काही आठवड्यांतच सैल पडते आणि मग दात जागच्या जागी राहतो.

पुढच्या भेटीत "अजून किती दिवस?" असे विचारण्याऐवजी "या वेळी कोणता दात किती सरकला?" असे विचारा. मुलालाही आरशात ते दाखवा. आपला दात खरोखर चालतोय हे दिसले, की ब्रश करायला त्याला सारखे सांगावे लागणार नाही.