नवऱ्याची सही कोणत्या कायद्याने मागता?

गर्भपाताचा प्रश्न १९७१ सालीच सुटला, असे मानणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. आणि खेदाची गोष्ट ही की, त्यांत आपले कार्यकर्तेही आहेत. ‘कायदा झाला, सरकारी रुग्णालयात सोय झाली, आता बायकांची तक्रार तरी कशाबद्दल?’ असा त्यांचा सवाल असतो. या सवालाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, ते दवाखान्याच्या खिडकीपाशी आहे. तेथे बाईला पुष्कळदा जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो तिच्या प्रकृतीविषयी नसतो. ‘नवरा कोठे आहे? त्याला घेऊन या, सही लागेल.’

ही सही कोणत्या कायद्याने लागते? वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तिच्या एकटीच्या संमतीखेरीज अन्य कोणाचीही संमती तो मागत नाही. पालकाची संमती लागते ती अल्पवयीन मुलीसाठी, अथवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. संमतिपत्राच्या सरकारी नमुन्यात नवऱ्याच्या सहीला जागाच ठेवलेली नाही. असे असता पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही ही सही मागितली जाते, आणि कारण काय, तर उद्या नवरा दवाखान्यात येऊन भांडेल! म्हणजे भांडखोर नवऱ्याची भीती डॉक्टरला, आणि तिचा दंड भरायचा बायकोने. ज्या बाईचा नवरा दारूच्या गुत्त्यात पडलेला आहे किंवा भिवंडीला मागावर गेलेला आहे, तिने काय करावे? विधवेने, परित्यक्तेने, अविवाहित मुलीने सही कोणाची आणावी?

सोलापूरकरांना हा प्रश्न परका नाही. जुळे सोलापूर या नावात शहराच्या दोन जिवांची कल्पना आहे; पण ही जुळी भावंडे एका ताटात जेवत नाहीत. विजापूर रस्त्याच्या अंगाला नोकरदारांच्या वसाहती आणि खाजगी दवाखान्यांच्या पाट्या. पूर्वभागात यंत्रमागांचा खडखडाट आणि उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. पूर्वभागातील बाईला घराजवळचा दवाखाना चालत नाही, कारण तेथे बाकावर शेजारीण बसलेली असते. ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा वस्तीत जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे आले, खाजगी फी आली आणि दिवसाच्या विड्या बुडाल्या. मजुरी हजारी हिशेबाने. बुडालेला हजार कोणी भरून देत नाही. बदनामी ही नुसती मनाची गोष्ट आहे, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. आणि विजापूर रस्त्याकडील बंगल्यातल्या मुलीवर प्रसंग आला, तर तिला गुपचूप पुण्याला नेले जाते. लाज दोघींनाही आहे. एकीला ती पैसा देऊन झाकता येते, एवढाच फरक.

मनीषा गुप्ते, सुनीता बंडेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गुप्तता राहावी म्हणून उपचाराच्या दर्जावर पाणी सोडण्याची बाईची तयारी असते, विशेषतः विवाहबाह्य गर्भ असेल तेव्हा, असे त्यातून पुढे आले. सरकारी दवाखाना फुकट असूनही बाई वैदूकडे किंवा औषधाच्या दुकानाकडे का वळते, याचे कोडे अधिकाऱ्यांना पडते. त्यात कोडे कसले? २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा संशोधकांचा अंदाज ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात आला आहे. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. बायकांनी आपला कौल दिलेला आहे.

दोष केवळ खिडकीवर बसलेल्या परिचारिकेचा नाही. तिलाही बारा बारा तास राबविले जाते. दोष कायद्याच्या घडणीत आहे. १९६४ साली नेमलेल्या शांतिलाल शहा समितीच्या अहवालातून हा कायदा जन्मला. दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. तो गुन्हा तसाच ठेवून नव्या कायद्याने डॉक्टरला अभय दिले. भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ३१२ चा ८८ झाला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री आजही त्या कलमाखाली येते. हक्क बाईला मिळाला नाही, डॉक्टरला परवानगी मिळाली. आणि जेथे परवानगी असते तेथे याचना असते. शिवाय राज्यकर्त्यांच्या मनात लोकसंख्येचे भूत होतेच. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, हे तरुण साथींना ठाऊक नसेल. त्या वृत्तीचे अवशेष अद्याप शिल्लक आहेत: ‘पाडून देतो, पण आधी तांबी बसवून घे, नाही तर शस्त्रक्रिया करून घे.’ गरजेच्या क्षणी घातलेल्या अटीला संमती म्हणायचे असेल, तर सावकाराच्या कागदावरील अंगठ्यालाही संमतीच म्हणावे लागेल.

२०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री व तिचा जोडीदार’ हे शब्द आले. बाईचे नाव उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला विवाहितेच्या बरोबरीने बसविले आणि या कायद्यापुरता नवऱ्याचा बलात्कारही बलात्कारच मानला. दिल्लीचा हा निकाल गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचला काय, हे जाऊन पाहण्याचे काम कोणाचे?

आता आपल्याच घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, तो चळवळीच्या रेट्यामुळे. ती लढाई न्याय्य होती आणि आहे. परंतु त्या लढाईत आपण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द बेफिकिरीने उचलला, भिंतींवर रंगविला. गुन्हा लिंग तपासण्यात व त्यावरून निवड करण्यात आहे. ‘हत्या’ या शब्दाने प्रत्येक गर्भपात करणारी बाई खुनी ठरली. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील प्रकरणे उघडकीस आल्यावर सरकारने औषधदुकानांवर असे छापे घातले की, राज्यातील पुष्कळ दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. सोनोग्राफीचे यंत्र चालविणारा धनिक राहिला बाजूला, दोन महिन्यांची गरोदर मजूर बाई सापडली कचाट्यात. त्या गोळ्या ज्या मुदतीत घेतात, त्या मुदतीत लिंग कळतही नाही! त्याच वर्षी आपल्या सीमाभागातील बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये, गर्भपात नाकारला गेल्यामुळे, रुग्णालयात मेली. तेथील जनतेने २०१८ साली सार्वमत घेऊन राज्यघटना बदलली. आपल्याकडे कायदा आहे म्हणून आपण निर्धास्त.

पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे. तेथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या अर्भकांसाठी व अडलेल्या विधवांसाठी आश्रय उघडला. त्याआधी १८६३ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी तो उघडलाच होता. दाराशी आलेल्या विधवेकडे त्यांनी कोणा पुरुषाची सही मागितली नाही.

‘हा खाजगी मामला आहे, वर्गलढ्याशी त्याचा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्या साथींनी कुंभारीच्या विडी कामगार घरकुलात जाऊन हेच वाक्य बायकांसमोर उच्चारून पाहावे. घरांसाठी, किमान वेतनासाठी मोर्चे काढणाऱ्या या बायका आहेत. त्यांच्या पोटातील प्रश्न तेवढा लढ्याबाहेरचा कसा? महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात आणि परवाना असलेल्या प्रत्येक खाजगी दवाखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषांत पाटी लागली पाहिजे: सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही, नाव गुप्त राहील, तांबीची सक्ती नाही. पाटी लावण्यास खर्च फारसा नाही. आरोग्याधिकाऱ्यांकडे ही मागणी लेखी द्यावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. नवऱ्याची सही जेथे मागितली जाईल, तेथे बाईबरोबर आपल्या दोन कार्यकर्त्या जाव्यात, आणि कायद्याचे कलम दाखवा, एवढेच शांतपणे म्हणावे.