लोणचं नासवतं कोण?

मीठ, साखर आणि ऊन या तिघांवर आपल्या स्वयंपाकघराचा फार जुना भरवसा आहे. त्या भरवशातून दोन मतं पक्की झाली. मिठात आणि साखरेत बुरशीचा जीव जातो, हे पहिलं. तरीही बरणी नासली तर कुणाची तरी शिवाशिव झाली असणार, हे दुसरं. या दोन्हींना हसणारं तिसरं मत अलीकडचं: घरच्या साठवणीत शास्त्र नाही, टिकाऊ हवं तर बाजारातली बाटली आणावी. तिन्ही मतं चुकीची आहेत.

मीठ बुरशीला मारत नाही, ते पाणी बांधून ठेवतं. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जीवांना वापरता येईल असं मोकळं पाणी किती, यावर त्याचं टिकणं ठरतं. हे मोकळं पाणी शास्त्रज्ञ ० ते १ या मापात सांगतात. शुद्ध पाण्याचं माप १. ते ०.९१च्या खाली गेलं की अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू थांबतात. ०.८०च्या आसपास बहुतेक बुरश्याही हात टेकतात. पण सगळ्या नाही. पाण्यात साखर विरघळेनाशी होईपर्यंत घातली तरी माप ०.८५च्या आसपास अडतं, आणि झेरोमायसीस बायस्पोरस ही बुरशी गोड पदार्थांत ०.६१पर्यंत वाढू शकते. नुसत्या साखरेनं तिला अडवणार कसं?

मिठाचंही तेच. संपृक्त खारं पाणी ०.७५पर्यंत उतरतं. स्लोव्हेनियातल्या सेचोव्ल्ये मिठागरांत नीना गुंडे-त्सिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा पाण्यात काळ्या बुरश्या राहताना आढळल्या. त्यांतली हॉर्टिया वेर्नेकी जवळजवळ संपृक्त मिठातही वाढते. वॉलेमिया इक्थिओफागा तर त्याहून हट्टी. सुमारे दहा टक्के मीठ नसेल तर ती वाढतच नाही. गोवा विद्यापीठातल्या सरिता नाझरेथ आणि सहकाऱ्यांनी मांडवीच्या खाडीतून आणि मिठागरांतून अशाच मीठप्रेमी बुरश्या वेगळ्या केल्या आहेत. यांतल्या अनेक बुरश्या पेशीत ग्लिसरॉल साठवतात आणि आतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ देत नाहीत. जपानी सोयासॉस सतराअठरा टक्के मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरतो, आणि त्याचा वास घडवण्यात झायगोसॅकरोमायसीस रूक्सी या यीस्टचा मोठा वाटा असतो. मीठ विष असतं तर तो सॉस झालाच नसता.

दुसरं मत नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचंही आहे. पाळी आलेल्या बाईनं बरणीला हात लावला म्हणून लोणचं नासलं, असं कितीतरी घरांत आजही बोललं जातं. बुरशीचे बीजाणू हवेत असतात, फडताळात असतात, मसाल्यातही असतात. हात कुणाचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. हात ओला आहे का, एवढंच त्यांच्या कामाचं. मुरांब्याची बरणी नीट पाहा. गरम मुरांबा भरून लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होऊन खाली पडतात आणि वरचा पातळसा थर पाणचट होतो. बुरशीचा पहिला पांढरा ठिपका त्याच थरावर दिसतो. बरणी कुणी भरली, याचा इथे काय संबंध? दोष झाकणाचा आणि घाईचा. तो बाईच्या माथी मारणं आता तरी थांबायला हवं.

तिसऱ्या मताला यीस्टच उत्तर देतात. झायगोसॅकरोमायसीस बेली हे यीस्ट बेंझोएट, सॉर्बेट आणि व्हिनेगर या तिन्ही टिकवणाऱ्या पदार्थांना दाद देत नाही, म्हणून सॉस आणि सरबतांच्या कारखान्यांना त्याची धास्ती असते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, असं बाटलीवर छापलेलं असतं ते उगाच नाही.

मग टिकवतं काय? एकटं मीठ नाही, एकटं तेल नाही. सगळ्यांची मिळून झालेली नाकेबंदी. कैरी पुसून, फोडी सुकवून घेतल्या की पाणी घटतं. मीठ भाजलं की त्यातला दमटपणा जातो. कैरीचा आंबटपणा जिवाणूंना रोखतो, मोहरीचा झणझणीतपणा बुरशीला जड जातो, आणि फोडी तेलाखाली बुडाल्या की बुरशीला लागणारी हवाच तुटते. कोरड्या चमच्याचा नियम या सगळ्यांना सांभाळतो. रीत बरोबर होती, तिचं दिलेलं कारण चुकीचं होतं. कारण कळलं नाही तर रीतही बिघडते: तब्येतीसाठी साखर निम्मी करून मुरांबा पूर्वीसारखाच बाहेर ठेवणारे आज कमी नाहीत. साखर कमी केलीत तर फ्रिज हवाच.

मात्र घरच्या रीतीची बाजू घेणं म्हणजे बुरशी खपवून घेणं नव्हे. दमट शेंगदाण्यावर किंवा धान्यावर आधी कमी पाण्यात जगणाऱ्या बुरश्या येतात. त्यांच्या श्वसनातून पाणी आणि ऊब निर्माण होते. मग त्या ओलीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस येऊ शकते, जी अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार करते. १९७४ साली गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. ऊन दाखवलं, वरची बुरशी पुसली तरी हे विष जात नाही.

तेव्हा बरणी भरताना मिठाचा हिशेब जरूर ठेवा, पण त्याआधी पाण्याचा ठेवा. आणि बुरशी दिसली तर माणसाला बोल लावू नका, पदार्थ फेकून द्या.