जुनी सायकल, नवा स्वार

सडक अर्जुनी हे गाव आपल्या नावातच सडक बाळगून आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच तालुक्यातून जातो. असा गुळगुळीत रस्ता रोज पाहणाऱ्या मुलाला शर्यतीच्या सायकलीचा मोह पडावा, यात नवल नाही. नवी सायकल महाग. म्हणून तो वापरलेल्या सायकलीकडे वळतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. पारख न करता पैसे मोजणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

रंगाची चकाकी प्रथम डोळ्यांत भरते. पण स्वाराचा जीव फ्रेमवर आणि ब्रेकवर अवलंबून असतो. फ्रेमच्या सांध्यावर चीर असलेली सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. चाक उचलून फिरवावे. ते डगमगले, तर रिम वाकडी आहे असे समजावे. साखळीच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच असते. ती एकअष्टमांश इंचाने अधिक भरली, तर साखळी झिजलेली असते. विकणाऱ्याकडून पावती घ्यावी व तीवर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा. चोरीचा माल विकणारा पावती देण्यास कचरतो.

पुढचे काम अधिक धीराचे आहे. खाली वळलेल्या हॅंडलवर वाकून बसल्याने प्रथम पाठ अवघडते. अरुंद टायर खडीवर घसरतात. म्हणून आरंभी मोकळ्या मैदानावर ब्रेक लावण्याचा व गिअर बदलण्याचा सराव करावा. मालमोटारींच्या महामार्गावर जाण्याची घाई करू नये. सायकल एका दिवसात विकत घेता येते. तिच्यावरचा ताबा मात्र रोजच्या सरावानेच मिळवावा लागतो.