तिथी आणि ऊन

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली आपली मुले होळीचा रंग कित्येकदा एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी खेळतात, म्हणून नाक मुरडू नये. उत्तरेकडच्या राज्यांत मार्चमध्ये बर्फ असतो, सणाची सुटीही नसते. तिथे तिथी नव्हे, ऊन पाहावे लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात फाल्गुनात अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पळस फुलतो. त्याची फुले उकळून धुळवडीचा केशरी रंग व्हायचा. आज पळस शिवारात असूनही आपण पुडीतला रंग आणतो. तिथी पाळून ऋतू विसरणारे आपण आणि ऋतूसाठी तिथी सोडणारी ती मुले. सणाच्या अधिक जवळ कोण? मुलांना फोनवर तारीख विचारण्यापेक्षा पळसाचा रंग कसा करतात, ते सांगावे. त्याआधी तो एकदा घरी करावा.